जेजूच्या आजीकडे दोन दिवस

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक घर आहे. त्याच्या अंगणाला फाटक नाही, कडी नाही, कुलूप नाही. दगडी कुंपणाच्या तोंडाशी फक्त तीन लाकडी दांडे आहेत. तरीसुद्धा घरात कुणी आहे की नाही, आणि नसेल तर ते लवकर येणार की उशिरा, हे रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही न विचारता कळतं. ते कसं?

करा विचार. उत्तर पुढे येणारच आहे. पण आधीच शेवटाकडे उडी मारायची नाही हं!

मला हे कोडं सोडवून दिलं ते सत्त्याहत्तर वर्षांच्या एका आजीने. ही आजी राहते दक्षिण कोरियातल्या जेजू नावाच्या बेटावर. तिची नात माझी मैत्रीण. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथे मी कामासाठी राहते, आणि ही मैत्रीण माझ्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायची. एके दिवशी तिने चांगली पगाराची नोकरी सोडली आणि सरळ आपल्या गावी निघून गेली. जाताना मला म्हणाली, "दमलीस की ये."

नोव्हेंबरच्या शेवटी मी खरंच दमले. शनिवार-रविवारला जोडून सोमवारचीही सकाळ मिळाली, तेव्हा जेजूचं तिकीट काढलं. आता आरामाला निघालेल्या माणसाने काय करावं? गप्प निघावं! पण मी पडले तुमच्या-आमच्यातली. सुट्टी फुकट जायला नको म्हणून शाळेच्या वेळापत्रकासारखी यादी केली. शनिवारी सकाळी लाव्हाची गुहा, दुपारी बोटीने शेजारचं उदो बेट, रविवारी पहाटे सोंगसानच्या टेकडीवरून सूर्योदय, नंतर डोंगर. जेवायला अर्धा तास!

आता तुमचा नकाशासंग्रह काढा बघू. चीन आणि जपान यांच्यामध्ये समुद्रात उतरलेलं एक द्वीपकल्प दिसेल. त्याच्या दक्षिण टोकाच्याही खाली एक अंड्यासारखा ठिपका आहे. तेच जेजू. नकाशात ठिपका दिसला तरी ते काही अगदी चिमुकलं नाही. आपल्या गोव्याच्या निम्म्याएवढं आहे. सोलच्या गिम्पो विमानतळावरून तिथे पोचायला जेमतेम सव्वा तास लागतो. या मार्गावर इतकी विमानं जातात-येतात, की जगातल्या सगळ्यांत गजबजलेल्या विमानमार्गांत त्याचं नाव घेतात. एक चुकलं तर दुसरं, आपल्या लोकलगाड्यांसारखं!

विमान खाली यायला लागलं तेव्हा ढगांतून एक डोंगर वर आलेला दिसला. तो हाल्लासान. उंची १९४७ मीटर. दक्षिण कोरियातलं हे सर्वांत उंच शिखर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी तीनशे मीटर ठेवा, की झालं हाल्लासान. गंमत अशी, की हा डोंगर बेटावर उभा नाही, तर बेटच या डोंगराचं आहे! जेजू सगळंच्या सगळं ज्वालामुखीने घडवलेलं आहे. मधला मोठा हाल्लासान आणि त्याच्या अंगाखांद्यावर साडेतीनशेहून जास्त छोट्या ज्वालामुखीच्या टेकड्या. आता ते शांत आहेत, पण इ.स. १००२ आणि १००७ मध्ये इथे उद्रेक झाल्याच्या नोंदी आहेत. इथला डोंगर आणि लाव्हाच्या लांबच लांब गुहा यांना युनेस्कोने २००७ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आणि खडक कोणता, ठाऊक आहे? काळा बेसॉल्ट. म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद! फरक एवढाच, की सह्याद्रीचा खडक कोट्यवधी वर्षांचा म्हातारा आणि जेजूचा त्याच्यापुढे अगदी शेंबडं पोर.

विमानतळावरून बस धरून मी पूर्व किनाऱ्याकडे निघाले. खिडकीतून पाहते तर सगळीकडे काळ्या दगडांचे गडगे! माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे गडगे मला नवे नाहीत. आमच्याकडे जांभ्याचे तांबडे, इथे बेसॉल्टचे काळे. शेताला गडगा, घराला गडगा, शेतातल्या थडग्यालाही गडगा. त्यांच्या आत हिरवंगार गाजराचं पीक डुलत होतं. जेजूच्या शेतांभोवतीचे हे गडगे एकापुढे एक लावले तर सुमारे २२ हजार किलोमीटर भरतील असा अंदाज आहे. पृथ्वीला अर्ध्याहून जास्त वेढा बसेल!

पण एक गोष्ट मला खटकली. दगडांमध्ये चुना नाही, माती नाही, सिमेंट नाही. नुसते एकावर एक ठेवलेले. मधल्या फटींतून पलीकडचं आभाळ दिसतं. 'काय हे अर्धवट काम!' असं मी मनात म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याचा पुढे मला पस्तावा झाला.

बसमधून उतरले मात्र, आणि वाऱ्याने अशी थप्पड दिली की यादीचा कागद हातातून उडाला, तो थेट गाजराच्या शेतात! मैत्रीण न्यायला आली होती. ती पोट धरून हसली. म्हणाली, "बरं झालं. तसंही आज बोटी बंद आहेत."

जेजूचे लोक म्हणतात, आमच्याकडे तीन गोष्टी उदंड आहेत: दगड, वारा आणि बायका. आणि तीन गोष्टी मुळीच नाहीत: चोर, भिकारी आणि फाटक. पहिल्या तिघांपैकी दोघांची ओळख मला बसमधून उतरताच झाली. वाऱ्याकडे पाठ करून मी तिला गडग्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "फटी बुजवल्या तर वारा भिंतीला धक्का मारून तिला आडवी करील. फटी आहेत म्हणून वारा थोडाथोडा आत शिरतो, त्याचा जोर मोडतो, आणि भिंत उभी राहते." बघा! ज्याला मी अर्धवट काम म्हटलं, तीच त्या कारागिरांची अक्कल होती. शेतांच्या या गडग्यांना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली जगातल्या महत्त्वाच्या शेतीवारशांत मान दिला आहे.

घर आलं. गडग्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना भोकं पाडलेले दगडी खांब, आणि जमिनीवर पडलेले तीन दांडे. यांना जॉंगनांग म्हणतात. आता ऐका कोड्याचं उत्तर. तिन्ही दांडे खाली असतील तर मंडळी घरात आहेत, खुशाल या. एक दांडा खांबांत अडकवलेला असेल तर कुणीतरी जवळच गेलंय, एवढ्यात येईल. दोन असतील तर यायला संध्याकाळ होईल. आणि तिन्ही अडकवलेले असतील तर लांबच्या गावाला गेले आहेत. कुलूप नाही, चिठ्ठी नाही, फोन नाही! आता बहुतेक घरांना साधी फाटकं आली आहेत; पण या आजीने आपले दांडे सोडलेले नाहीत.

त्या दिवशी तिन्ही दांडे खाली होते. आत अंगणात एक लहानखुरी, पाठीत किंचित वाकलेली आजी उभी. मला पाहताच ती मोठ्याने म्हणाली, "होन्जॉ ऑप्सॉ!"

मी गोंधळले. सोलच्या भाषेत 'होन्जा' म्हणजे एकटी. 'एकटीच ये' असं का म्हणतेय ही? बरोबर तिच्या नातीला घेऊन यायचं नाही की काय? मैत्रीण पुन्हा हसायला लागली. जेजूच्या बोलीत 'होन्जॉ' म्हणजे लवकर. 'या, लवकर आत या!' असं ते स्वागत होतं. जेजूची बोली इतकी वेगळी आहे, की सोलच्या माणसाला ती धड कळत नाही. आणि आता ती बोलणारी बहुतेक म्हातारीच माणसं उरली आहेत. २०१० साली युनेस्कोने तिला नाहीशा होत चाललेल्या भाषांच्या अगदी शेवटच्या पायरीवर धरलं. आजीला तिथे म्हणतात 'हालमांग'. मग मीही तिला हालमांगच म्हणायला लागले आणि तिला 'आजी' हा शब्द शिकवला. तो तिला फार आवडला. दिवसभर स्वतःलाच "आजी, आजी" म्हणून बघत होती.

या घराची आणखी एक गंमत सांगते. एकाच अंगणात दोन घरं होती, समोरासमोर. एकात मैत्रिणीचे आई-वडील आणि ती, दुसऱ्यात एकटी हालमांग. अंतर पंधरा पावलांचं. पण हालमांगची चूल वेगळी, भांडीकुंडी वेगळी, तिची वाडग्याएवढी भाजीची वाफळीही वेगळी. मला वाटलं, भांडण आहे की काय! तसं नव्हतं. जेजूची ही जुनी रीतच आहे. हातपाय चालताहेत तोवर म्हातारी माणसं आपलं आपण रांधतात. चांगलंचुंगलं केलं की वाटी मात्र इकडून तिकडे जातेच.

त्या दुपारी माझ्यासाठी अशीच वाटी आली. 'बोमाल' नावाच्या खडकावरच्या छोट्या गोगलगायी घालून केलेली भाताची पेज. आपल्या कोकणातल्या पेजेचीच चुलत बहीण! सोबत भाजलेला लांब चंदेरी मासा, आपल्या वाकट्यांच्या जातीचा. मग डोळ्यांवर अशी झापड आली, की उबदार जमिनीवर अंग टाकलं ते चार वाजताच उठले. हो, जमीन उबदार! कोरियन घरांत जमिनीखालून ऊब देण्याची पद्धत आहे, तिला ओन्दोल म्हणतात. बाहेर वारा घोंघावत होता. यादी कुठल्यातरी गाजराला वाचून दाखवत असेल. मला तिची आठवणही झाली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी किनाऱ्याने फिरायला गेलो. तेव्हा मैत्रिणीने तिच्या मनातलं सांगितलं. नोकरी का सोडली, ते.

तिची हालमांग ही 'हेन्यो' आहे. हेन्यो म्हणजे समुद्रकन्या. जेजूच्या या बायका समुद्राच्या तळाशी बुडी मारून शंख, अबलोन नावाचे मोठे शिंपले, समुद्री वनस्पती असं काय काय काढून आणतात. पाठीला हवेची नळकांडी नाही, तोंडाला नळी नाही. फक्त एक श्वास! तो रोखून दहा मीटरपर्यंत खाली जायचं, साधारण मिनिटभरात काम उरकून वर यायचं. असं दिवसाला पाच-पाच, सहा-सहा तास. दहा मीटर खाली पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो. छातीतली हवा दबून निम्म्या जागेत मावते, कान दुखतात. आणि या बायका वयाने केवढ्या? बहुतेक साठीच्या पुढच्या. काही ऐंशीच्याही!

या बेटावर पाऊस पुष्कळ पडतो, पण सच्छिद्र खडकातून तो खाली झिरपून जातो. भातशेती फारशी नाही. घरचे पुरुष बोटी घेऊन जात, त्यांतले कितीतरी वादळात गेले. तेव्हा घरं चालवली ती या बायकांनी, आपल्या श्वासावर. १९३२ साली, कोरियावर जपानचं राज्य असताना, मालाला लुबाडणुकीचा भाव मिळतो म्हणून याच किनाऱ्यावरच्या हेन्यो पोहण्याची अवजारं हातात घेऊन मोर्चे काढत रस्त्यावर उतरल्या होत्या. गावाजवळच्या हेन्यो संग्रहालयापाशी त्याचं स्मारक आहे. ते बघताना मी मैत्रिणीला सांगितलं, की त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३० साली, माझ्या आजोळाजवळ शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला होता. त्यांचा समुद्र, आमचा समुद्र; दोन्हीकडे हक्काचीच गोष्ट. आम्ही दोघी बराच वेळ तिथे उभ्या राहिलो.

१९६०च्या दशकात जेजूवर वीस हजारांहून जास्त हेन्यो होत्या. आज तीन हजारही नाहीत. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. "मान मिळाला, पण पाण्यात उतरणार कोण?" मैत्रीण म्हणाली. "मी हेन्यो व्हायचं म्हणते. आता शिकवण्याच्या शाळाही आहेत. पण बाबा म्हणतात, चांगली नोकरी सोडून बुड्या मारायच्या? आणि हालमांग तर या विषयावर माझ्याशी बोलतच नाही."

रात्री मी ते स्वतःच ऐकलं. मैत्रिणीने विषय काढला, तेव्हा संत्री सोलत बसलेली हालमांग एवढंच म्हणाली, "माझ्या आईने मला शाळेऐवजी पाण्यात धाडलं. मी तुझ्या बापाला या श्वासावर शिकवलं. कशासाठी? तुम्हाला पाण्यात जावं लागू नये म्हणून." आणि संत्र्याची फोड तिने नातीच्या तोंडात घातली. म्हणजे बोलणं संपलं!

मुलांनो, खरं सांगा, तुमच्याही घरी असं होतं की नाही? मोठी माणसं म्हणतात, आमच्यासारखे कष्ट तुम्हाला नकोत. आणि आपल्याला तर नेमकं तेच करायचं असतं. कुणाचं बरोबर? त्या रात्री मला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी जाग आली तेव्हा वारा पडला होता. अंगणात आले आणि आधी दांड्यांकडे पाहिलं. एक दांडा वर! मला कोडं सुटलं होतं ना? मी ओरडलेच, "हालमांग जवळच गेलीय!" मैत्रीण चप्पल घालत म्हणाली, "समुद्रावर. चल."

किनाऱ्यावर काळ्या दगडांचा एक गोल आडोसा होता. याला बुलतॉक म्हणतात. पूर्वी हेन्यो सुती कपड्यांत पोहत, थंडीने काकडत बाहेर येत आणि इथे शेकोटीभोवती बसत. कोण कुठे बसणार, कुणाच्या अनुभवाचा मान मोठा, आज समुद्र कसा आहे, कुणाच्या घरी दुखणं आहे, सगळं इथेच ठरे आणि कळे. आता रबरी पोशाख आले, कपडे बदलायला खोल्या झाल्या. पण त्या सकाळी पाच-सहा आज्या त्याच आडोशात बसून पोशाख चढवत होत्या आणि एकमेकींची थट्टा करत होत्या. गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला, बाई असो की बुवा, जेजूत 'साम्चुन' म्हणतात. आपण नाही का, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना काका-मावशी करून टाकत? तसंच. मीही सगळ्यांना साम्चुन म्हटलं आणि माझ्या हातावर लगेच दोन संत्री आली!

मग त्या पाण्यात उतरल्या. प्रत्येकीजवळ एक नारिंगी गोळा. हा तेवाक, म्हणजे तरंगणारा आधार. पूर्वी तो भोपळ्याचा असे. त्याला खाली जाळी लटकवलेली, मिळालेला माल ठेवायला. एकेक आजी पाय वर करून बदकासारखी बुडी मारी आणि दिसेनाशी होई. आणि वर आली की एक आवाज यायचा. शीळ! लांब, बारीक, 'हुईई' अशी. तिला सुम्बीसोरी म्हणतात. रोखलेला श्वास झटकन न सोडता ओठांतून हळूहळू सोडायचा आणि ताजी हवा आत घ्यायची, त्याचा हा आवाज. सगळा समुद्र शीळ घालतोय असं वाटत होतं.

"ती हालमांगची," मैत्रीण डोळे मिटून म्हणाली. प्रत्येकीची शीळ वेगळी असते, आणि लहानपणापासून ऐकलेली नातीला ओळखू येते.

मी गंमत म्हणून मोजायला लागले. हालमांग खाली गेली. एक, दोन, तीन... चाळीसला शीळ. पुन्हा खाली. पंचेचाळीसला शीळ. तिसऱ्यांदा गेली. चाळीस. पन्नास. साठ. नारिंगी तेवाक एकटाच डुलत होता. सत्तर. माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. मैत्रीण उठून उभी राहिली. ती काही बोलत नव्हती. पंच्याहत्तर. ऐंशी...

आणि शीळ आली! तेवाकापासून बऱ्याच लांबून. प्रवाहाने तिला थोडं पलीकडे नेलं होतं, एवढंच. मैत्रीण मटकन खाली बसली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण माझेही डोळे भरले होते. आणि एकदम मला कळलं, की रात्री हालमांग जे बोलली ते याच ऐंशी आकड्यांबद्दल होतं. आज नातीने किनाऱ्यावर बसून मोजले. उद्या नात पाण्यात गेली, तर मोजायचे कुणी? हालमांगने!

दुपारी त्या बाहेर आल्या. हालमांगच्या जाळीत सोरा नावाचे जाडजूड शंख होते. अबलोन एकही नव्हता. या दिवसांत जेजूला तो काढायला बंदी असते, त्याची पिल्लं वाढावीत म्हणून. आपल्याकडे नाही का, पावसाळ्यात मासेमारी बंद असते? उन्हाळ्यात सोरांची सुट्टी. सगळ्यांनाच वर्षातून एकदा सुट्टी पाहिजे, नाही का!

मैत्रिणीने तिला विचारलंच, "एवढा वेळ खाली काय करत होतीस?"

"ऑक्टोपस होता कपारीत," हालमांग म्हणाली. "मोठा थोरला. हात लागला होता."

"मग?"

"मग काय? श्वास संपत आला. सोडला त्याला आणि आले."

आणि तिने आम्हाला एक शब्द सांगितला: मुलसुम. 'मुल' म्हणजे पाणी, 'सुम' म्हणजे श्वास. तळाशी असताना श्वास संपत येतो आणि तेवढ्यात समोर मोठं घबाड दिसतं. 'एवढं घेऊनच जाऊ' असा मोह होतो. त्या मोहापायी जो श्वास पाण्यातच घेतला जातो, तो मुलसुम. तो शेवटचा. म्हणून हेन्योंच्या पाण्यात पहिला धडा काय काढावं हा नसतो. काय सोडून वर यावं हा असतो. हवेची नळकांडी या बायका वापरत नाहीत, त्याचं कारणही हेच. श्वासापुरतंच घेतलं की समुद्रही पुरतो आणि आपणही उरतो.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग हालमांगने आपला तेवाक उचलला आणि नातीच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "उन्हाळ्यात ये माझ्याबरोबर, हालमांग-बादांगमध्ये. जाळी आणायची नाही. काढायचं काही नाही. नुसतं वर यायला शिकायचं. ते जमलं तर बघू. नाही जमलं तर सोलला परत."

हालमांग-बादांग म्हणजे आजीचा समुद्र. काठाजवळची उथळ जागा. म्हाताऱ्या हेन्योंना लांब जायला लागू नये म्हणून तरुण बायका ती त्यांच्यासाठी राखून ठेवतात. आजीने आपल्या समुद्रात नातीला जागा दिली होती! होकार नव्हता तो. पण नकारही राहिला नव्हता. मैत्रीण तेवाक धरून कितीतरी वेळ बसली होती.

सूर्योदय, गुहा, डोंगर, उदो बेट... यादीतलं मी काहीएक पाहिलं नाही. सोंगसानची टेकडी लांबूनच दिसली. पण सोलला परतले तेव्हा मित्रांनी विचारलं, "झाला का आराम?" तर म्हटलं, झाला. अगदी भरपूर. दमल्यावर धावत सुटणं हा आराम नव्हे, वर येऊन श्वास घेणं हा आराम, हे त्या शिळांनी मला शिकवलं.

तुम्हीही घड्याळ लावून बघा, किती आकडे श्वास रोखता येतो ते. मात्र खुर्चीवर बसून, आणि थोडी घुसमट वाटताच सोडून द्यायचा. पाण्यात, विहिरीत, तलावात हा खेळ मुळीच करायचा नाही! हेन्योसुद्धा एकटीने कधी बुडी मारत नाहीत, सोबतीण लागतेच.

निघतानाची गोष्ट सांगायची राहिली. सोमवारी सकाळी पाठीवर पिशवी टाकली, हालमांगच्या पाया पडले. तिला ते नवीन होतं, पण अर्थ कळला. मग मी तिला सांगितलं, की आमच्याकडे निरोप घेताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. आणि बाहेर पडल्यावर मी गुपचूप एक दांडा उचलून खांबांत अडकवला. म्हणजे काय, ते तुम्हाला आता सांगायला नकोच!

हालमांगने अंगणातून पाहिलं. खो खो हसत पुढे आली आणि दांडा काढून पुन्हा खाली ठेवला.

"अगं, मी घरात आहे ना!" ती म्हणाली. "तू ये."